सेर्दान्य: फ्रान्स-स्पेनच्या हद्दीने दुभागलेलं खोरं

रानजाई:

सेग्रे नदी फ्रान्समध्ये उगम पावते, ल्यो गावाच्या घळीतून खाली उतरते, मग स्पेनमध्ये शिरते, पुन्हा फ्रान्समध्ये येते आणि बूर्ग-मादाम ओलांडल्यावर कायमची स्पेनची होते. हे सगळं आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढ्या मुलखात. मधे जो स्पेन लागतो तो म्हणजे लिव्हिया. चारही बाजूंनी फ्रान्स आणि मधे जेमतेम १३ चौरस किलोमीटरचं स्पॅनिश गाव! मी तुलूझला राहते, सुट्टी मिळाली की पाय तिकडेच वळतात. मराठीत या भागावर काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

आधी भूगोल. फ्रान्स-स्पेनमधल्या पिरेनीज डोंगररांगेतली बहुतेक खोरी उत्तर-दक्षिण चिरलेली, अरुंद, हिवाळ्यात ऊन लवकर मावळणारी. सेर्दान्य तसं नाही. एका मोठ्या भ्रंशाच्या, म्हणजे जमिनीतल्या भेगेच्या, बाजूने जमीन खचली, तिथे लाखो वर्षांपूर्वी मायोसीन काळात तळं साचलं, ते गाळाने भरलं आणि डोंगरांच्या मधोमध हे रुंद, सपाट खोरं तयार झालं. तळ हजार मीटरच्या वर. उत्तरेला कार्लीत (२,९२१ मी.), दक्षिणेला पुचमाल (२,९१० मी.). मधे गवताची कुरणं, बटाट्याची शेतं, ग्रॅनाइटची घरं आणि काळ्या पाटीच्या दगडाची छपरं. आकाश इतकं मोकळं की उन्हाच्या बाबतीत हा फ्रान्समधल्या सर्वात नशीबवान भागांपैकी एक.

पूर्वेला कोल द ला पेर्श ही खिंड आहे, उंची १,५७९ मीटर. खिंड म्हटल्यावर जो चढ डोळ्यांसमोर येतो तसा इथे नाही. गायी चरताहेत, रस्ता हलकेच वर जातो आणि हलकेच उतरतो. पण तिच्या आसपासच्या मुलखातून पाण्याच्या तीन वाटा फुटतात. तेत नदी पर्पिन्याँकडे जाते, ओद कार्कासोनकडे आणि सेग्रे एब्रो नदीला मिळून पार स्पेनच्या पूर्व किनाऱ्याकडे. पाणलोटाने हद्द ठरवायची म्हटली तर खिंडीच्या पश्चिमेचं अख्खं सेर्दान्य स्पेनकडे जायला हवं होतं. गेलं नाही, आणि सगळी गोष्ट इथूनच सुरू होते.

फ्रान्स-स्पेनचं दीर्घ युद्ध ७ नोव्हेंबर १६५९ ला पिरेनीजच्या तहाने संपलं. बिदासोआ नदीतल्या फेझंट बेटावर फ्रान्सकडून मुख्य मंत्री माझारँ आणि स्पेनकडून मुख्य मंत्री लुईस दे आरो बसले. चौदाव्या लुईचं लग्न स्पेनच्या राजकन्येशी ठरलं आणि रूसियाँ, काँफ्लाँ हे कातालान भाषेचे प्रांत फ्रान्सला मिळाले. तहात लिहिलं होतं की प्राचीन काळी गॉल (फ्रान्सकडचा मुलूख) आणि हिस्पानिया (स्पेनकडचा) ज्या पिरेनीज डोंगरांनी वेगळे होत, तेच आता दोन राज्यांना वेगळं करतील. कागदावर हे झकास. पण नेमका कुठला डोंगर, हे कोणी सांगावं? दोन्ही बाजूंचे आयुक्त पुढच्या वर्षी सेरे गावी जमले. फ्रान्सकडून आलेले प्येर द मार्का हे धर्मगुरू आणि इतिहासाचे गाढे अभ्यासक. प्राचीन भूगोलकारांचे दाखले काढून दोन्ही बाजू भांडल्या आणि प्रश्न तिथेच राहिला.

शेवटी तोडगा निघाला तो गावं मोजून. पश्चिमेच्या कारोल खोऱ्यातून शेजारच्या कापसीर खोऱ्याकडे आणि रूसियाँकडे जायला फ्रान्सला सलग वाट हवी होती. त्या वाटेसाठी सेर्दान्यातली ३३ गावं फ्रान्सला द्यायची असं ठरलं. नोव्हेंबर १६६० मध्ये लिव्हियातच बसून यादी पक्की झाली. लिव्हिया त्या वाटेच्या ऐन मधे येत होती, पण स्पेनचं म्हणणं असं की करारात गावं लिहिली आहेत आणि लिव्हियाला सम्राट पाचव्या चार्ल्सने नगराचा दर्जा दिला आहे, ती गावांच्या यादीत बसत नाही. फ्रान्सने हे मान्य केलं, मात्र दोन गोष्टी लिहून घेतल्या. स्पेनने तिथे किल्ला बांधायचा नाही. आणि लिव्हिया ते पुचसेर्दा (सेर्दान्यातलं स्पेनकडे राहिलेलं मोठं गाव) हा रस्ता फ्रान्सच्या जमिनीवरून जाणार असला तरी दोन्हीकडच्या लोकांना मोकळा राहील.

मला या भागाचं वेड लागलं ते याच्या पुढच्या इतिहासामुळे. राजांनी गावं वाटून घेतली, जमीन वाटलीच नव्हती. कुठल्या गावाची शिव कुठे संपते हे गावकऱ्यांनाच ठाऊक, आणि त्यांचंही एकमत नाही. पुचसेर्दाच्या सावकारांची शेतं फ्रेंच गावांत, मग सारा कोणाला द्यायचा? फ्रेंच गावची मेंढरं ज्या कुरणात शेकडो वर्षं चरत होती ते आता परदेशात. दोनशे वर्षं गुरं पकडणं, पाट फोडणं, कज्जे आणि अर्ज चालू राहिले. गंमत अशी की या भांडणांत गावकरीच आपापल्या राजाला हाक मारायला शिकले. शेजारच्या गावाविरुद्ध दाद मागायची तर 'आम्ही फ्रेंच' किंवा 'आम्ही स्पॅनिश' म्हटलं की वरून मदत येते, हे त्यांनी ओळखलं. बोली तीच कातालान, सोयरीक एकमेकांत, चर्चची घंटाही एकमेकांना ऐकू जाणारी. माझं मत असं की इथली हद्द पॅरिस आणि माद्रिदपेक्षा या गावांनी जास्त घडवली.

रेषा प्रत्यक्ष जमिनीवर आली ती दोन देशांमधल्या बायोनच्या करारांनी. १८५६ आणि १८६२ च्या करारांनी पश्चिमेकडचा भाग मिटला. अँडोरापासून भूमध्य समुद्रापर्यंतचा, म्हणजे सेर्दान्यही ज्यात येतं तो, १८६६ च्या करारात. मग दगड पुरले गेले. अटलांटिककडून क्रमांक १ ने सुरुवात आणि भूमध्य समुद्राच्या काठी ६०२. लिव्हियाभोवतीच्या दगडांची मालिका वेगळी. त्यातला एक मी पाहिला तो कुरणाच्या कुंपणाला लागून होता. गुडघ्याहून थोडा उंच, वरचा भाग गोलसर झिजलेला, अंकाच्या खाचेत पिवळी दगडफुलं. गायीने अंग घासून एक बाजू गुळगुळीत केली होती.

या भागात कोणी गेलं असेल, वाचलं असेल, तर जरूर लिहा.

नकाशावेडा:

वा, फार सुंदर धागा. लिव्हियाचा तो ठिपका नकाशात कित्येकदा पाहिला होता, कारण आज कळलं. एक शंका. फ्रान्सला फक्त वाटच हवी होती तर मूठभर गावं पुरली असती. ३३ कशाला? आणि मॉं-लुईचा किल्ला याच भानगडीतला का?

रानजाई:

नकाशावेडा, फ्रान्सचं मागणं मुळात वाटेपुरतं नव्हतंच. त्यांना अख्खं सेर्दान्य हवं होतं आणि स्पेनला एकही गाव सोडायचं नव्हतं. ३३ हा त्या घासाघिशीतून निघालेला आकडा.

मॉं-लुईबद्दल तुमचा अंदाज बरोबर. १६७८ मध्ये फ्रेंच फौजेने पुचसेर्दा घेतलं, पण तहात ते परत द्यावं लागलं. जाण्याआधी त्यांनी तिथली तटबंदी पाडली. मग खिंड राखायला आपल्या हद्दीत काहीतरी हवं म्हणून चौदाव्या लुईचा किल्लेबांधणी करणारा अभियंता वोबाँने १६७९ पासून मॉं-लुई उभारलं, सुमारे १,६०० मीटरवर. वोबाँच्या इतर किल्ल्यांबरोबर २००८ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आलं. आत अजून सैन्य आहे. कमांडोंचं प्रशिक्षण चालतं, त्यामुळे सगळीकडे फिरता येत नाही.

पाणंद:

लेख आवडला. मोकळ्या रस्त्याच्या कलमावरून दादरा-नगरहवेलीचा खटला आठवला. मी वकिली करतो, त्यामुळे हा विषय जवळचा. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तो मुलूख पोर्तुगीजांकडून सुटला, त्या लढ्यात सुधीर फडक्यांसारखे आपले लोक होते. पोर्तुगालने १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला की दमणहून तिथे जायला भारतीय जमिनीवरून वाट हा आमचा हक्क. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता तो हक्क मान्य केला. फौज, सशस्त्र पोलीस, शस्त्रं, दारूगोळा यांना मात्र नाही. आणि १९५४ मध्ये भारताने काही चुकीचं केलं नाही असंही सांगितलं.

लिव्हियाच्या करारात तीनशे वर्षं आधी नेमकी हीच वाटणी दिसते. माणसं आणि माल मोकळे, किल्ला मात्र नाही. दुसऱ्याच्या जमिनीने वेढलेलं गाव टिकवायचं तर हे दोन प्रश्न कुठेही सुटे करावेच लागतात. त्या रस्त्यावर आता कोणाचे नियम चालतात?

रानजाई:

पाणंद, ही माहिती मोलाची आहे, धन्यवाद. तुमच्या प्रश्नावरून तर तिथे खरोखर भांडण झालं. त्याला तिकडे 'स्टॉपची लढाई' म्हणतात. लिव्हियाचा रस्ता फ्रेंच रस्त्यांना छेदतो. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सने त्या चौकांत लिव्हियाकडच्या वाहनांसाठी 'थांबा'च्या पाट्या लावल्या. लिव्हियाचे लोक म्हणाले, करारात रस्ता मोकळा म्हटलाय, आम्ही कोणासाठी थांबायचं? पाट्या लागायच्या, रात्रीतून उखडल्या जायच्या, पुन्हा लागायच्या. हे वर्षानुवर्षं चाललं. शेवटी एका ठिकाणी पूल बांधला आणि दुसरीकडे गोल चौक केला, म्हणजे थांबायचा प्रश्नच उरला नाही. १६६० चा कागद विसाव्या शतकात पाटी उखडायला कामी येतो, याचं मला फार अप्रूप आहे.

गोठेवाला:

शेतकरी माणूस आहे, माझं लक्ष गुरं आणि पाण्याकडेच गेलं. पाट फोडायचे म्हणता, म्हणजे पाणी कुठून कुठे जायचं? वरचं गाव एका देशात आणि खालचं दुसऱ्या देशात असेल तर पाण्याची पाळी कोण ठरवणार? आमच्याकडे एकाच गावातल्या दोन भावांत ती ठरत नाही.

रानजाई:

गोठेवाला दादा, अगदी नेमकं विचारलंत. पुचसेर्दा टेकडीवरचं गाव. त्याला पाणी देणारा कालवा मध्ययुगातला, आणि तो कारोल नदीतून निघतो. १६६० नंतर कालव्याचं तोंड फ्रान्समध्ये गेलं आणि तहान स्पेनमध्ये राहिली. उन्हाळ्यात नदी आटली की वरच्या फ्रेंच गावांनी पाणी आपल्या कुरणांत वळवायचं आणि पुचसेर्दाच्या लोकांनी कुदळी घेऊन वर जायचं, असं पिढ्यान् पिढ्या चाललं. लिव्हिया आणि आँगुस्त्रीन या गावांमध्येही हाच वाद.

बायोनच्या करारात यावर पानंच्या पानं आहेत. कालवा फ्रान्सच्या जमिनीवर असला तरी हक्क पुचसेर्दाचा, पण वरच्या गावांचाही वाटा ठरलेला. कोणी कधी पाणी घ्यायचं, डागडुजी कोणी करायची, तंटा झाला तर कोणाकडे जायचं, सगळं लिहिलेलं. लिव्हियाच्या गुरांना कार्लीतच्या पायथ्याशी फ्रेंच हद्दीत चराईचा हक्क आहे, तोही याच व्यवस्थेतला. दोन देशांचे राजदूत बसून पाटाच्या पाळ्या लिहितात, हे वाचताना मला त्या लोकांबद्दल आदर वाटला. पुचसेर्दाचं तळं आज सहलीचं ठिकाण आहे, तेही त्याच कालव्याच्या पाण्यावर.

स्वातीनक्षत्र:

पिवळ्या गाडीबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? आम्ही त्या गाडीनेच गेलो होतो. व्हिलफ्राँश-द-काँफ्लाँहून निघते आणि ६३ किलोमीटर चढत-उतरत ला तूर-द-कारोलला पोचते. मीटरगेज, वीज बाजूच्या तिसऱ्या रुळातून. उन्हाळ्यात उघडे डबे लावतात. बोल्केर-एन स्टेशन १,५९३ मीटरवर, फ्रेंच रेल्वेचं सर्वात उंच स्टेशन.

वाटेत जिस्क्लारचा झुलता पूल लागतो. आगगाडीसाठीचा झुलता पूल फ्रान्समध्ये आता एवढाच वापरात उरला आहे. त्याचा अभियंता आल्बेर जिस्क्लार, लष्करातला माणूस. ऑक्टोबर १९०९ मध्ये पुलाच्या चाचणीच्या वेळी गाडी उतारावर सुटली आणि अपघातात तो स्वतः गेला, सोबत आणखी पाच जण. पूल मात्र जसाच्या तसा. पुढच्या वर्षी गाडी सुरू झाली. पुलावर गाडी अगदी सावकाश जाते, खाली तेत नदी, आणि डब्यातले सगळे आपोआप गप्प होतात. जिस्क्लारचं स्मारक तिथे जवळच आहे.

या गाडीसाठी वीज हवी म्हणून वर बुइयूझचं धरण बांधलं. शंभर वर्षांपूर्वी डोंगरातल्या खेड्यांसाठी विजेची गाडी आणि तिच्यासाठी वेगळं धरण, हा विचारच केवढा मोठा!

तारांगण:

ऊर्जेचा विषय निघालाच आहे तर इथल्याच ओदेयो गावची सौरभट्टी विसरू नका. फेलिक्स त्राँब या शास्त्रज्ञाने आधी १९४९ मध्ये मॉं-लुईच्या किल्ल्यात भट्टी उभारली, नंतर १९६० च्या दशकात ओदेयोला मोठी. टेकडीच्या पायऱ्यांवर ६३ सपाट आरसे. ते सूर्याबरोबर वळतात आणि ऊन समोरच्या अजस्र अंतर्गोल आरशावर टाकतात. तो आरसा म्हणजे एका इमारतीची अख्खी भिंतच. तिथून ऊन एका छोट्या ठिकाणी एकवटतं. शक्ती १ मेगावॉट, तापमान ३,००० अंशांच्या वर. धूर नाही, राख नाही, त्यामुळे पदार्थांच्या संशोधनाला उत्तम. रानजाईंनी लिहिलेलं मोकळं आकाश हेच जागा निवडण्याचं कारण.

कंदील:

धागा उत्तम आहे, पण एका मुद्द्याशी मी सहमत नाही. हद्द गावांनी घडवली म्हणताना वरून झालेली जबरदस्ती झाकली जाते असं वाटतं. रूसियाँ फ्रान्सकडे गेल्यावर मिठाचा कर लादला गेला आणि १६६० च्या दशकात डोंगरातल्या लोकांनी वर्षानुवर्षं बंड केलं. १७०० मध्ये चौदाव्या लुईने फर्मान काढून सरकारी आणि न्यायालयीन कागदपत्रांतून कातालान हद्दपार केली. पुढे शाळांनी उरलेलं काम केलं. आज फ्रेंच बाजूला कातालान घरातून आपोआप येत नाही, स्पॅनिश बाजूला ती शाळेची आणि कचेरीची भाषा आहे. हे गावकऱ्यांनी निवडलं नव्हतं.

आणि दुसरं, १९३९. स्पेनच्या यादवी युद्धात बार्सिलोना फ्रँकोच्या फौजेकडे पडल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत सुमारे पाच लाख माणसं स्पेनमधून फ्रान्समध्ये आली. बहुतेक पूर्वेच्या ल पेर्थ्यूस खिंडीकडून, पण बूर्ग-मादाममधूनही हजारो. या खोऱ्यात फेब्रुवारी म्हणजे बर्फ. फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्या अराजकवादी दुरुतीच्या तुकडीचे वारस असलेली २६ वी डिव्हिजन इथूनच आली, शस्त्रं खाली ठेवली, त्यांना मॉं-लुईत ठेवलं आणि मग व्हेर्नेच्या छावणीत. त्या माणसांना हद्द म्हणजे काय हे कोणी समजावून सांगावं लागलं नसेल.

रानजाई:

कंदील, मिठाचा कर आणि १७०० चं फर्मान, दोन्ही मान्य, आणि हे इथे यायलाच हवं होतं. भाषेच्या बाबतीत गावांच्या हातात काही नव्हतं. माझं म्हणणं जमीन, चराई आणि पाणी यांच्यापुरतं आहे. तिथे कागदपत्रं बघितली तर तक्रार आधी खालून जाते आणि हुकूम मागाहून येतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू होत्या. ज्या गावाने मिठाच्या करापायी राजाच्या नावाने बोटं मोडली, त्याच गावाने कुरणासाठी त्याच राजाकडे अर्ज केला.

१९३९ बद्दल लिहिलंत, बरं केलंत. बूर्ग-मादामचा तो छोटा पूल आज दोन मिनिटांत ओलांडून लोक पलीकडे भाजी आणायला जातात.

मैत्रेयी_क:

मी आरोग्य क्षेत्रात आहे म्हणून भर घालते. पुचसेर्दाला २०१४ मध्ये सेर्दान्याचं रुग्णालय सुरू झालं, ते दोन्ही देशांनी मिळून बांधलेलं आणि चालवलेलं आहे. युरोपात असं पहिलंच. त्याआधी फ्रेंच बाजूच्या बाळंतिणीला किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला दोन तास घाट उतरून पर्पिन्याँला न्यावं लागे, बर्फात तर विचारूच नका. आता डॉक्टर, परिचारिका दोन्हीकडच्या, आणि कातालान, फ्रेंच, स्पॅनिश तिन्ही भाषा कानावर पडतात. सुरुवातीला अडचणी आल्या त्या औषधोपचारांपेक्षा कागदाच्या. फ्रेंच आईबापांचं मूल स्पेनमध्ये जन्मलं तर नोंद कुठे, रुग्ण दगावला तर पार्थिव हद्दीपलीकडे न्यायला कुठले परवाने. एकेक गाठ सोडवत गेले.

गोठेवाला:

रानजाई ताई, पाण्याचं उत्तर वाचून समाधान झालं. आता जायचं मनात आहे. कधी जावं, आणि तिथले लोक खातात काय?

रानजाई:

दादा, जरूर जा. जूनमध्ये गेलात तर एनच्या खोऱ्यात फुलं बघायला मिळतील. ते १९९३ पासून राखीव आहे आणि वनस्पतींचे अभ्यासक तिथे फार पूर्वीपासून येतात. तुमचा जीव गुरांत असेल तर जनावरं वरच्या कुरणांत असतात तेव्हा, म्हणजे जून ते सप्टेंबर. आठ सप्टेंबरला फाँ-रोमूच्या देवळातली मेरी मातेची मूर्ती मिरवणुकीने ओदेयोच्या चर्चमध्ये उतरवतात, उन्हाळाभर ती वर असते. तिची कथा तुम्हाला आवडेल. एक बैल झऱ्याजवळ जमीन उकरत राहिला म्हणून मूर्ती सापडली, असं सांगतात.

जेवायला त्रिंशात मागा. थंडीचं दहिवर खाल्लेला हिवाळी कोबी आणि बटाटा उकडून कुस्करतात आणि तव्यावर जाड थापून दोन्हीकडून खरपूस भाजतात. वर डुकराच्या चरबीची कुरकुरीत पट्टी असते, चालत नसेल तर आधीच सांगा.

पॅरिसहून रात्रीची गाडी थेट ला तूर-द-कारोलला जाते. बार्सिलोनाहून येणारी गाडीही तिथेच संपते, साधारण तीन तास. त्या स्टेशनात तीन रुंदीचे रूळ शेजारी शेजारी आहेत: फ्रेंच, स्पॅनिश आणि पिवळ्या गाडीचा मीटरगेज. कुठलीच गाडी दुसरीच्या रुळावर जाऊ शकत नाही, त्यामुळे उतरून फलाट बदलावा लागतो. पिवळ्या गाडीच्या वेळा जाण्याआधी पाहून घ्या, हिवाळ्यात फेऱ्या कमी असतात. लिव्हियाला स्टेशन नाही, पुचसेर्दाहून त्या मोकळ्या रस्त्याने पायी गेलात तर तासा-सव्वातासात पोचाल.